प्रतिभाताई पाटलांचं २००७ च्या आधीचं राजकारण, कोणी सांगेल का?

वाचकवेडा:
काल चहावर बाबांशी जुंपली. त्यांचं म्हणणं, २००७ ला राष्ट्रपतीपदासाठी दिल्लीने कुठूनतरी नाव उकरून काढलं, बाईंचं स्वतःचं असं काही नव्हतंच. मला विरोध करायचा होता पण राजस्थानच्या राज्यपाल आणि ७४ व्या वर्षी सुखोई लढाऊ विमानात बसल्या याच्यापुढे माझी गाडी जाईना.

केळीवाला_जळगाव:
१९६२ पासून सुरू कर की! वय २७, जळगावातून आमदार, मग १९६७ पासून ओळीने चार वेळा एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. वसंतराव नाईकांकडे उपमंत्री, पुढे समाजकल्याण वगैरे. पण खरी गोष्ट पुलोदच्या (पवारांची पुरोगामी लोकशाही दल आघाडी) वेळची, काँग्रेस फुटलेली, पवार मुख्यमंत्री, तिकडे जायला काय रस्ता मोकळाच होता आणि या इंदिराबाईंबरोबरच राहिल्या, १९७९ ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. सत्ता नसताना थांबणं सोपं नसतं बाबा. आमच्या घरी आजी अजून 'राष्ट्रपती' म्हणत नाही, ताईच.

अंबानगरी:
सासर आमच्याकडचं, विसरू नका 😄 राज्यसभेच्या उपसभापती, प्रदेशाध्यक्ष, मग १९९१ ला अमरावतीतून लोकसभा. आणि गंमत बघा, मिस्टर देवीसिंह शेखावत, आमचे माजी महापौर, आणि राष्ट्रपतीपदाला समोर उभे कोण तर एनडीएच्या पाठिंब्यावरचे भैरोसिंह शेखावत. शिवसेना एनडीएत असून बाळासाहेबांनी मराठी माणूस म्हणून ताईंना पाठिंबा दिला. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६, लढत कसली ती.

तिरकस:
सगळं खरं, पण बाबाही अगदीच चुकीचे नाहीत हां. १९९६ ते २००४ ताई कुठे होत्या सांगा. २००७ ला आधी तेव्हाचे गृहमंत्री शिवराज पाटलांचं नाव होतं, डाव्यांना ते चालेना म्हणून ताईंचं पुढे आलं. निष्ठा होती म्हणूनच निवड झाली, त्यात वाईट काय, पण ती निवड दिल्लीचीच. आणि निवृत्तीनंतरच्या पुण्याच्या घराचं, लष्कराच्या जमिनीवरून केवढं गाजलं, शेवटी २०१२ ला नको म्हणाल्या ते घर.

केळीवाला_जळगाव:
@तिरकस निष्ठेवर पद मिळालेले पुरुष मोजायला बसलो तर रात्र पुरायची नाही. तिथे कोणी विचारत नाही स्वतःचं काय म्हणून.

वाचकवेडा:
बाबांना १९७९ चं वाचून दाखवलं. "बरं, ते मान्य" म्हणाले, आणि लगेच शिवराज पाटलांवर उडी. तिरकसभाऊ, तुम्ही बाबांचे दोस्त तर नाही ना?