नानांचं वर्षश्राद्ध: माणसं बोलवायची की नाही?

सावनी_पुणे (५ जानेवारी २०२१)

नमस्कार मंडळी. नवीन वर्षाच्या शुभेच्छा जरा उशिराच देतेय, या वेळी कोणाला मेसेज टाकायला हातच उठत नव्हता.

आमचे नाना म्हणजे माझे वडील ऑगस्टमध्ये कोविडने गेले. तेव्हा पुण्यात काय चाललं होतं ते पुणेकरांना सांगायला नको, रात्रभर फोनवर फोन, इथे ऑक्सिजन बेड आहे का तिथे आहे का, आणि बेड मिळाल्यावर नाना जे आत गेले ते आम्हाला परत दिसले फक्त व्हिडिओ कॉलवर, तोही एका सिस्टरांनी स्वतःच्या फोनवरून लावून दिला होता. नंतर दादा आणि चुलतभाऊ असे दोघंच पीपीई किट घालून स्मशानात, बाकीचं सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं. आई पॉझिटिव्ह म्हणून एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. दहावं-तेरावं गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं केलं. भेटायला कोणी आलं नाही, येणार तरी कसं, जिन्यापाशी पट्ट्या लावलेल्या.

नाना वारकरी. रिटायर झाल्यापासून दरवर्षी आळंदीहून पायी जायचे, दिंडीतली माणसं आमच्या घरात कधीही येऊन जेवून जाणारी. यंदा, म्हणजे आता गेल्या वर्षी, पायी वारी नव्हती आणि ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते नानांनी टीव्हीसमोर उभं राहून बघितलं, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "पुढल्या वर्षी जाऊ" म्हणाले आणि आत जाऊन टाळ पुसून ठेवले.

आता आईने मनात घेतलंय की वर्षश्राद्धाला सगळ्यांना बोलवायचं, नातेवाईक, दिंडीवाले, बिल्डिंगमधले, कीर्तन ठेवायचं, पंगत घालायची. तिचं म्हणणं माणूस गेलं आणि चार माणसं दारात आली नाहीत, असं कसं चालेल. दादा म्हणतो विधी झालेत, आता परत ते उकरून काढायचं नाही, आणि ऑगस्टपर्यंत काय परिस्थिती असेल कोणाला माहीत. परवा ३ तारखेला दोन लसींना परवानगी मिळाल्याची बातमी आली तर आई कित्येक महिन्यांनी हसली आणि लगेच आचाऱ्याचा नंबर शोधायला लागली. मला दोघांचं पटतं आणि मधल्या मधे माझी ओढाताण होते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालं असेल तर तुम्ही काय केलंत?

दापोलीकर

सावनीताई, बोलवाच. पण ऑगस्टची वाट कशाला बघता?

माझी आत्या मे महिन्यात मुंबईत गेली. गावातून एकही माणूस जाऊ शकलं नाही, ई-पास मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं, नारळी-पोफळी आडव्या, घरावरची कौलं उडाली, लाईट किती दिवस नव्हती विचारू नका, त्यात आत्यासाठी रडायलाही कोणाला सवड झाली नाही. गणपतीला काका आणि आतेभाऊ आले, दहा दिवस क्वारंटाइन म्हणून गोठ्याशेजारच्या खोलीत, आम्ही पडवीत बसायचो आणि ते तिकडे उंबऱ्यावर. आरडाओरडा करत बोलायचं मधल्या अंगणातून. तेव्हा कुठे आत्याचा विषय निघाला. काका तिच्या हातच्या सांदणांबद्दल बोलायला लागले आणि मग थांबेचनात, आई इकडून त्यांच्या चुका काढत होती, नाय हो भाओजी, त्या तांदूळ असे नव्हत्या घेत म्हणून. मला वाटतं आमच्याकडचं खरं सुतक त्या दिवशी फिटलं.

म्हणून म्हणतो, एकदम पन्नास माणसं नकोत, पण दिंडीतले एक-दोघं या रविवारी येऊ देत, पुढच्या रविवारी आणखी कोणी. खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा, चहा द्या. आईंना पंगतीपेक्षा बोलायला माणसं हवी असतील.

बाकी आम्ही पावसाळ्यात पोफळीची रोपं लावली परत. फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातील, पण लावली.

सिस्टर_जालना

मी सरकारी दवाखान्यात आहे, कोविड वॉर्डात एप्रिलपासून. आधी लसीचं सांगते. २ तारखेला आमच्या जिल्ह्यात ड्राय रन झाली. तीन खोल्या, एकीत बसायचं, दुसरीत टोचायचं, तिसरीत अर्धा तास थांबवून लक्ष ठेवायचं. एका सेंटरवर पंचवीस जण, सुई टोचायची नाही, पण नाव बघणं, को-विन ॲपवर नोंद करणं, सगळं खऱ्यासारखं. पहिल्यांदा आम्ही आरोग्यवाले, मग पोलीस, सफाईवाले वगैरे, त्यानंतर पन्नाशीच्या पुढचे आणि आजारवाले. जुलैपर्यंत तीस कोटी लोकांचं ठरवलंय सरकारनं. दोन डोस आहेत, आणि दुसऱ्यानंतरही लगेच सगळं मोकळं होत नसतं. म्हणजे ऑगस्टला आईंची लस झालेली असेल अशी आशा धरायला हरकत नाही, पण पंगतीला येणाऱ्या सगळ्यांची झालेली असेल असं धरू नका. आचाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. कीर्तन उघड्यावर, गच्चीवर किंवा देवळाच्या आवारात होऊ शकतं.

दुसरं म्हणजे व्हिडिओ कॉलचं. आम्ही बऱ्याच जणी लावून द्यायचो हो. फोनला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, नाहीतर बाहेर आल्यावर सॅनिटायझरनं पुसून पुसून खराब व्हायचा. किटमध्ये चेहरा दिसत नाही म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहायचो, आणि म्हातारी माणसं ते वाचून नावानं हाक मारायची. एक आजोबा रोज सकाळी हरिपाठ म्हणायचे, ऑक्सिजनच्या मास्कमधून शब्द कळायचे नाहीत पण चाल कळायची, शेजारच्या बेडवरचे पण थांबून ऐकायचे. नाना तिथं एकटे होते असं मनात आणू नका. कोणी ना कोणी जवळ होतं.

मिहिर_न्यूजर्सी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझी आई एप्रिलमध्ये नाशिकला गेली, कोविड नव्हता, हार्ट. इंटरनॅशनल फ्लाइट्स मार्चमध्येच बंद झालेल्या, मी इथे किचनमध्ये लॅपटॉप उघडून सगळं बघितलं. ताईने तिथे एकटीने केलं. नंतर मी फोनवर सारखा म्हणायचो की मी आलो की मोठा कार्यक्रम करू, आईच्या सगळ्या मैत्रिणींना बोलवू. ताई हो-नाही काहीच बोलायची नाही, मला वाटायचं तिला खर्चाची काळजी आहे. मग दिवाळीत एकदा ती फोनवर फुटली. तिला ते सगळं परत उभं करायचंच नव्हतं, कारण मी ज्याला कार्यक्रम म्हणत होतो तो तिने एकदा करून झाला होता आणि त्या वेळी तिच्या बाजूला कोणी नव्हतं.

तुमच्या दादाने किट घालून जे बघितलं ते तुम्ही आणि आईंनी बघितलेलं नाही. परिस्थिती काय असेल कोणाला माहीत, हे तो म्हणतोय खरं, पण मला नाही वाटत की त्याचा मुद्दा तो आहे. आचारी, कीर्तन, तारीख हे सगळं नंतर. आधी त्याला विचारा तिथे काय झालं. न अडवता ऐका फक्त.

सावनी_पुणे

मिहिर, तुमची पोस्ट वाचून काल रात्री दादाकडे गेले. अकराला संचारबंदी लागायची म्हणून घाईत गेले होते, पण सकाळपर्यंत तिथेच राहिले. सगळं लिहीत नाही इथे. एवढं सांगते की महापालिकेचा जो मुलगा होता, वीस-बावीसचा असेल, त्याने दादाला विचारलं होतं की बाबा काय करायचे, दादाने वारकरी म्हटल्यावर त्याने स्वतः मोठ्याने "रामकृष्ण हरी" म्हटलं. दादाने हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली त्या मुलाला शोधून काढा, त्याला पहिलं जेवायला बोलवायचं. दादा शोधतो म्हणालाय.

दापोलीकर, या रविवारी दिंडीचे दोघंजण येताहेत, गच्चीत बसणार आहोत. ऑगस्टचं तेव्हाचं तेव्हा बघू, मोठी पंगत नको यावर आईसुद्धा तयार आहे.

सिस्टर, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. तुमची लस झाली की इथे नक्की सांगा. आणि एक विचारायचं होतं, आईला डायबेटिस आहे, वय ६६, तर तिचं नाव आम्ही कुठे नोंदवायचं की आशाताई घरी येऊन लिहून नेतील?