एक्मोवर फेंटानिल-मिडाझोलम जातं कुठे?

आयसीयू_परळ: पावसाळ्यात लेप्टोचे फुप्फुसात रक्तस्राव झालेले रुग्ण एक्मोवर (रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन देऊन परत सोडणारं यंत्र) जातात, म्हणून विचारतो. ६० किलो वजन, व्हीव्ही एक्मो (रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत), फेंटानिल (वेदनाशामक) ताशी १०० मायक्रोग्रॅम, मिडाझोलम (गुंगीचं औषध) ताशी ५ मिलिग्रॅम. रॅस (गुंगीचं माप; जितका उणे तितकी गुंगी खोल) उणे ४ हवा, मिळतो उणे १. डोस किती वाढवायचा? आणि सर्किट (यंत्राच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर) बदललं की रुग्ण पुन्हा जागा का होतो?

भूल_शीव: औषध पीव्हीसीच्या नळ्यांना आणि ऑक्सिजनेटरच्या तंतूंना चिकटतं. तेलात विरघळणारं औषध जास्त चिकटतं: फेंटानिल, मिडाझोलम, प्रोपोफॉल. २०१२ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात रुग्णाशिवाय सर्किटमध्ये रक्त फिरवलं. २४ तासांनी फेंटानिल ३ टक्के उरलं, मिडाझोलम १३ टक्के. मॉर्फिन जवळजवळ सगळं. पण हे आकडे उलटे गुणून डोस काढू नका, तिथे इन्फ्यूजन (सतत सोडलेलं औषध) चालू नव्हतं. आधी फेंटानिलचा ६० मायक्रोग्रॅम बोलस (एकदम दिलेला डोस), मग ताशी २५ मायक्रोग्रॅमने वाढ, प्रत्येक पायरीला रॅस. नुसता ताशी दर वाढवून तासन्‌तास वाट बघण्यात अर्थ नाही.

पंपवाला: नवं सर्किट म्हणजे कोऱ्या नळ्या, त्या पुन्हा औषध ओढतात. शिवाय ५०० ते ७०० मिली प्राइमिंगने (सर्किटमध्ये आधी भरलेल्या द्रवाने) रक्त पातळ होतं. बदलाआधी बोलस भरून हाताशी ठेवा. आणखी एक, सहसा लक्षात न येणारं: इन्फ्यूजनची लाइन ड्रेनेज कॅन्युलाच्या (रक्त यंत्राकडे ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाशी असेल तर औषध थेट पंपात ओढलं जातं. ती लाइन उघडी राहिली तर हवाही आत जाते, तेव्हा थ्री-वे (लाइनवरची तोटी) बंद आहे ना ते बघा.

आयसीयू_परळ: मग सरळ मॉर्फिनच लावावं का?

भूल_शीव: लेप्टोत नको. मूत्रपिंड बसलं की मॉर्फिनचा ग्लुकुरोनाइड (शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ) साचतो, श्वास दाबतो. मिडाझोलमचंही तेच, त्याचा चयापचयित पदार्थ साचतो आणि जाग यायला दिवस लागतात. त्यापेक्षा केटामिन ताशी ६ ते ३० मिलिग्रॅम जोडा, मिडाझोलम कमी करा. प्रोपोफॉल ताशी किलोमागे ४ मिलिग्रॅमवर नेऊ नका. ट्रायग्लिसराइड तपासत राहा. स्नायू शिथिल केले असतील तर रॅस निरुपयोगी, बिस (मेंदूच्या लहरींवरून गुंगी मोजणारा मॉनिटर) लावा.

पंपवाला: आणि कॅन्युला काढायच्या दिवशी वाढवलेले दर तसेच ठेवू नका. औषध शोषणारं सर्किट गेलं, तोच डोस आता जड पडतो.