दिवाळीची सजावट : पुण्याहून काय मागवावे आणि काय घरीच करावे

विषय : दिवाळी सजावटीचे सामान पुण्याहून मागवण्याबाबत
प्रेषक : संयोजक, सजावट समिती

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सभागृहाचे भाडे आणि भोजनाचा खर्च दरवर्षी वाढत असल्यामुळे या दिवाळीत सजावटीसाठी फारच थोडी रक्कम शिल्लक राहणार आहे. इथे परदेशात भारतीय दुकानांतून आकाशकंदील आणि तोरणे विकत घेणे मंडळालाच काय, नव्याने संसार थाटलेल्या अनेक सभासदांनाही परवडत नाही. त्यामुळे मंडळाने व इच्छुक घरांनी मिळून तयार कंदील, झेंडूची कापडी तोरणे आणि पणत्या पुण्याहून एकदम मागवाव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. आपल्या सभासद ताई सध्या सासरी पुण्यातच मुक्कामाला आहेत. त्यांनी बाजारात चौकशी करून आपले मत कळवावे, ही विनंती.

कळावे.

---

विषय : उत्तर : दिवाळी सजावटीचे सामान पुण्याहून मागवण्याबाबत
प्रेषक : एक सभासद, मुक्काम पुणे

स. न. वि. वि.

आपल्या सूचनेप्रमाणे तुळशीबाग, बोहरी आळी आणि रविवार पेठ हा सगळा भाग पालथा घालून आले. मालाला तोटा नाही, आणि घाऊक घेतल्यास भाव आपल्याकडच्या दुकानांपेक्षा पुष्कळच कमी पडतात. तरीसुद्धा तयार कंदील मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण इथल्या भावात नाही, कुरिअरच्या हिशेबात आहे. विमानाने जाणाऱ्या पार्सलाचे पैसे आकारताना प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरले जाते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचे, की हे दुसरे वजन किलोत मिळते. म्हणजे तिन्ही बाजू ३० सेंटीमीटरच्या असलेले खोके ५.४ किलोचे ठरते, आणि त्यात असतो हलकाफुलका एकच कागदी कंदील. बाकीचे पैसे आपण हवेचे मोजणार. घडीचे पुठ्ठ्याचे कंदील सपाट जातात हे खरे, परंतु त्यांचे चकचकीत छापील देव आणि मोर पाहिल्यावर ते आपल्या दारात टांगावेत असे मला तरी वाटले नाही.

माझी सूचना अशी, की पुण्याहून फक्त कागद मागवावा आणि कंदील आपण तिकडे हाताने करावेत. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पतंगाचा कागद दस्त्याने मिळतो. साधारण ५० बाय ७५ सेंटीमीटरचा ताव धरला, तर पुढे सांगितलेल्या मापाच्या एका कंदिलाला तीन ताव लागतात: एक चौकोनांना, एक त्रिकोणांना आणि एक झिरमिळ्यांना. दस्त्यात २४ ताव असतात, म्हणजे एका दस्त्यात आठ कंदील होतात आणि त्या दस्त्याची गुंडाळी कुणाच्याही बॅगेत कपड्यांच्या बाजूला मावते. कामट्या मात्र इथून नेऊ नयेत. बुरूड आळीत त्या हव्या तेवढ्या तासून मिळतात, पण कच्चा बांबू हा वनस्पतीजन्य माल असल्यामुळे अनेक देशांच्या विमानतळांवर तो जाहीर करावा लागतो आणि त्यावरून खोळंबा होऊ शकतो. त्याऐवजी तिकडे मांस किंवा पनीर भाजण्यासाठी ज्या बांबूच्या काड्या सुपरमार्केटात जुडीने मिळतात, त्या घ्याव्यात. त्यांची टोके तोडून सगळ्या काड्या बरोबर २० सेंटीमीटरच्या कराव्यात. एखादी काडी अर्धा सेंटीमीटर जरी लांब राहिली, तरी कंदील एका अंगाला कलतो आणि मग तो काही केल्या सरळ होत नाही.

एका कंदिलाला अशा २४ काड्या लागतात. चार-चार काड्यांचे चार चौकोन दोऱ्याने बांधून घ्यावेत. हे चौकोन कोपऱ्यावर उभे करून, म्हणजे शंकरपाळ्यासारखे धरून, कोपऱ्याला कोपरा जोडत त्यांचे कडे करावे. आता चारही चौकोनांचे वरचे कोपरे चार काड्यांनी एकमेकांना जोडले की वर एक चौकोन तयार होतो. तसेच खाली करावे. मजा अशी, की हे माप आपोआप जुळते आणि वरखालच्या चौकोनांनाही २० सेंटीमीटरच्याच काड्या बसतात. शेवटची काडी बांधेपर्यंत सांगाडा लुळा असतो आणि हातात धरवत नाही. ती बांधली की तो एकदम ताठ होतो. उंची सुमारे २८ सेंटीमीटर भरते. बाजूंना चार चौकोन आणि त्यांच्या फटींत आठ त्रिकोण असे एकूण बारा तुकडे कागदाने मढवायचे, आणि वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवायचा. वरून दिव्याची उष्णता बाहेर जाते, खालून उजेड उंबरठ्यावर पडतो.

दोरा बांधताना गाठ मारण्याआधी दोन्ही काड्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तीन-चार वेढे द्यावेत आणि नंतर त्यावर खळीचे बोट फिरवावे. वाळल्यावर सांधा हलत नाही. कागद कापताना प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर जास्त ठेवावा, तेवढाच काडीवर दुमडायचा. रंगांच्या बाबतीत माझे मत जुन्या वळणाचे आहे. चौकोन पांढरे किंवा पिवळे आणि त्रिकोण लाल किंवा गुलाबी असावेत. गडद निळा आणि जांभळा कागद दिवसा शोभून दिसतो, पण दिवा लावल्यावर तो उजेड गिळून टाकतो.

तोरणांसाठी झेंडूची फुले विकत घेण्याची गरज नाही. पिवळ्या आणि केशरी क्रेप कागदाची चार बोटे रुंदीची पट्टी घ्यावी, तिच्या एका कडेला बारीक कात्रे द्यावीत, दुसरी कड चिमटीत चुणत पट्टी गुंडाळावी आणि बुडाशी दोऱ्याने आवळावी. कात्रे दिलेली बाजू बोटांनी उलगडली की फूल होते. आंब्याची पाने हिरव्या जाड कागदाची करावीत आणि मधली शीर बोथट सुईने दाबून उमटवावी. फाटलेल्या साडीची जरीची किनार प्रत्येकीच्या कपाटात असतेच. ती पुठ्ठ्याच्या पट्टीवर शिवून त्याखाली ही फुले ओवली, तर ते तोरण पुढच्या गुढीपाडव्यालाही चालेल.

पणत्यांबद्दल थोडक्यात सांगते. कुंभारवाड्यातल्या पणत्या सुबक असतात, पण जड आणि ठिसूळ असल्यामुळे त्या पाठवू नयेत. एका संध्याकाळपुरते कणकेचे दिवे करावेत. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला आपण ते करतोच, फक्त दिवाळीच्या दिव्यांत गूळ घालू नये. ज्यांच्याकडे मातीच्या पणत्या आधीपासून आहेत, त्यांनी त्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालाव्यात, म्हणजे निम्मे तेल मातीत मुरणार नाही.

लोभ असावा.

---

विषय : उत्तर : दिवाळी सजावटीचे सामान पुण्याहून मागवण्याबाबत
प्रेषक : एक ज्येष्ठ सभासद

ताईंना सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून फार समाधान वाटले, परंतु दोन बाबतींत खुलासा व्हावा. आपण खळीचा उल्लेख केला आहे, पण ती कशी करावी हे लिहिलेले नाही, आणि आजच्या तरुण घरांत ते ठाऊक असेल असे मला वाटत नाही. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेत खळीत मोरचूद घालत असत, म्हणजे तिला कसर लागत नसे. तो इथे कुठे मिळतो? दुसरे असे, की सभागृहाच्या व्यवस्थापनाने उघड्या ज्योतीस आणि दिव्याजवळ टांगलेल्या कागदास मनाई केली आहे. मग आपल्या कंदिलांचे काय करायचे?

आपला,
एक जुना पुणेकर

---

विषय : उत्तर : दिवाळी सजावटीचे सामान पुण्याहून मागवण्याबाबत
प्रेषक : एक सभासद

नमस्कार ताई.

काकांच्या प्रश्नांना जोडून माझाही एक प्रश्न आहे. आमचे घर भाड्याचे असून दारापुढे अंगण नाही आणि घरभर गालिचा आहे. दिवाळीत बाहेर बहुधा पाऊसच असतो. रांगोळी कुठे आणि कशाची काढावी? मुलांना कंदिलाच्या कामात कितपत सामील करून घ्यावे, हेही लिहावे.

---

विषय : उत्तर : दिवाळी सजावटीचे सामान पुण्याहून मागवण्याबाबत
प्रेषक : एक सभासद, मुक्काम पुणे

काकांना सादर नमस्कार.

मोरचूद हे विष आहे आणि मुलांचे हात खळीतून थेट तोंडाकडे जातात, म्हणून तो मिळत असला तरी वापरू नये. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत ठेवावा; पांढरा रंग जाऊन मिश्रण काचेसारखे दिसू लागले आणि चमच्यावरून संथ ओघळू लागले की उतरवावे. चिमूटभर तुरटी घातली तर ती थोडी टिकते, पण खरे म्हणजे रोज लागेल तेवढी ताजी करणेच बरे. बाजारातला पांढरा डिंक पतंगाच्या कागदाला लावू नये, कारण तो वाळल्यावर कडक होतो आणि उजेडात त्याचे डाग दिसतात. खळ कागदाला न लावता काडीला लावावी आणि मग कागद हलक्या हाताने ताणून बसवावा.

सभागृहाच्या नियमाला आपण वळसा घालू नये. तिथे कंदील दिव्याविनाच टांगावेत आणि छतातल्या पाण्याच्या फवाऱ्यांपासून व धूर ओळखणाऱ्या यंत्रांपासून दूर ठेवावेत. पांढरा-पिवळा कागद सभागृहाच्या उजेडातही उठून दिसतो. घरच्या कंदिलात तीन वॅटचा एलईडी दिवा पुरतो. तो मधोमध लोंबेल अशा बेताने वायर वरच्या चौकोनाला आडव्या बांधलेल्या काडीवरून सोडावी, म्हणजे वारा आला तरी दिवा कागदाला टेकत नाही. जुना पिवळा बल्ब किंवा मेणबत्ती आत कधीही लावू नये. तिकडे ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे गेली की पाच वाजताच अंधारते, त्यामुळे कंदील इथल्यापेक्षा जास्त तास जळतो, हेही लक्षात असू द्यावे. बाहेर टांगायचा असेल तर छपराखालीच टांगावा, कारण पतंगाच्या कागदाचा रंग पहिल्याच पावसात उतरतो.

रांगोळीबद्दल. पुण्यात मिळणारी शिरगोळ्याची रांगोळी दगडाची पूड असते. ती जड असते आणि गालिच्यात गेली की निघता निघत नाही. त्याऐवजी साधे मीठ घ्यावे. खायच्या रंगाचे थेंब टाकून ते पिशवीत चोळावे आणि ताटात पसरून रात्रभर वाळवावे. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा काळ्या कागदाने मढवून त्यावर खडूने ठिपके काढावेत आणि रांगोळी त्यावरच घालावी; पाहुणे गेल्यावर पुठ्ठा उचलून बाजूला ठेवता येतो. बारीक रेघ मात्र मिठाने येत नाही, तिच्यासाठी तांदळाची पिठीच लागते.

मुलांचे म्हणाल, तर काड्या मोठ्यांनी कापाव्यात, कारण त्यांच्या कुसळी बोटात जातात. झिरमिळ्या कातरणे आणि फुले गुंडाळणे हे काम मुलांचे. पण मुलांना खरा रस किल्ल्यात असतो, आणि त्याला तर जवळजवळ काहीच खर्च नाही. इथे सुट्टी लागली की सोसायट्यांच्या कोपऱ्यांत दगड, विटा, पोती आणि चिखल घेऊन मुले कामाला लागतात. आपल्याकडे बाल्कनीत मोठ्या ट्रेमध्ये उलटी खोकी ठेवून, त्यांवर जुने कापड पसरून कुंडीतल्या मातीचा चिखल थापावा. हिरवळीसाठी पेरायचे अळीव भारतीय दुकानात मिळाले नाहीत, तर तिकडच्या बागकामाच्या दुकानात क्रेस या नावाने मिळणारे बी म्हणजे तेच. ते ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती घालू नये आणि दिवसातून दोनदा फवाऱ्याने पाणी द्यावे. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, म्हणून वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरावे. मावळे आणि महाराजांची मूर्ती तेवढी मी कुंभारवाड्यातून आणते, कारण त्या कागदाच्या होत नाहीत. मुले ते कबूलही करणार नाहीत.

संयोजकांना विनंती, की किती घरे कंदील करणार ते मला या महिनाअखेरपर्यंत कळवावे, म्हणजे त्या हिशेबाने दस्ते घेता येतील. रंग वेगवेगळे हवे असल्यास तसे लिहावे. निळा मागितल्यास मी आणीन, पण माझे मत वर दिलेले आहेच.

---

विषय : उत्तर : दिवाळी सजावटीचे सामान पुण्याहून मागवण्याबाबत
प्रेषक : संयोजक, सजावट समिती

ताईंचे आभार. तयार माल मागवण्याची सूचना समितीने मागे घेतली आहे. आजवर एकोणतीस घरांनी नावे दिली असून सभागृहासाठी अकरा कंदील लागतील, म्हणजे एकूण चाळीस. त्या हिशेबाने पाच दस्ते आणावेत: दोन पांढरे, एक पिवळा, एक लाल आणि एक गुलाबी. निळ्याची मागणी एकाच घरातून आली आहे. त्यांच्यासाठी सुटे तीन ताव मिळाले तर पाहावे. काड्यांच्या जुड्या आणि मैदा समिती इथे घेईल. काम करण्यासाठी सभागृहाची मागची खोली मागितली आहे, ती मिळाली की तारीख कळवू. प्रत्येकाने कात्री आणि मोजपट्टी घरून आणावी.