मर्यादित संख्येतली स्पोर्ट्स गाडी: नफ्यात विकावी की ठेवावी?

फोंडेकर:
नमस्कार. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आणली, तेव्हा पहिल्या खेपेच्या १५० गाड्यांपैकी एक माझ्या वाट्याला आली. एक्स-शोरूम किंमत सुमारे ५३ लाख होती. आता पुण्याचे एक गृहस्थ त्यावर तीन लाख जास्त देऊ म्हणतात. गाडी मला मनापासून आवडते, पण एवढी रक्कम दारात उभी ठेवू नये, असे घरच्यांचे मत आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पर्वरीचा वाचक:
एक्स-शोरूम किमतीवर तीन लाख मिळणे म्हणजे नफा नव्हे. तुम्ही रस्ता कर, विमा आणि नोंदणीचे पैसे भरलेले आहेत आणि ते धरले तर हा व्यवहार तोट्याचा निघण्याचीच शक्यता जास्त. एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने खरेदीच्या वेळी गोळा केलेला आयकर, तेवढा तुमच्या आयकरात वळता होतो. शिवाय खरेदीदाराला गोव्याच्या आरटीओचा ना हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागेल, आणि तो खर्च तो तुमच्याच किमतीतून कापून मागेल. स्वतःच्या वापराची गाडी भांडवली मालमत्तेत मोडत नसल्याने तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ही एक जमेची बाजू. मात्र वरचेवर गाड्या घेऊन विकू लागलात, तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते.

म्हापशाचा जुना सभासद:
संख्या मर्यादित आहे म्हणून भाव चढतच राहील, हे गृहीतच मला मान्य नाही. पोर्शने २०१६ मध्ये ९११ आर या मॉडेलच्या फक्त ९९१ गाड्या काढल्या. हाताने बदलायचा गिअर आणि चार लिटरचे इंजिन यांसाठी लोकांनी मूळ किमतीच्या कित्येक पट मोजले. पण पुढच्याच वर्षी कंपनीने तशीच यंत्रणा जीटी३ टूरिंगमध्ये संख्येची अट न घालता दिली आणि आरचे भाव घसरले. फेरारी एफ४० च्या तर आधी ४०० गाड्या ठरल्या होत्या, प्रत्यक्षात १,३०० हून अधिक निघाल्या. संख्या कंपनीच्या हातात असते, तुमच्या-माझ्या नव्हे. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर २०१६ ची पोलो जीटीआय पाहा: भारतासाठी ९९ गाड्या जाहीर झाल्या, तरी पुढच्या वर्षी किंमत सुमारे सहा लाखांनी उतरवावी लागली, कारण तीन दारांच्या छोट्या गाडीला एवढे पैसे मोजणारे मिळेनात. जिला चालवायला माणसे आसुसलेली असतात, तिचाच भाव टिकतो. तुम्हाला ती आवडते, मग माझ्या मते विकू नका.

फोंडेकर:
मनःपूर्वक आभार. ठेवायचीच झाली, तर किलोमीटर कमी राहावेत म्हणून पावसाळाभर झाकून ठेवणे योग्य ठरेल का?

डिचोलीकर:
कृपया तसे करू नका. आपल्या हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. ब्रेकच्या चकत्यांवर एका रात्रीत तांबूस गंज धरतो. गाडी चालवली की तो घासून जातो, आठवडे उभी राहिली की पॅड तिथेच चिकटतात. बंद काचांआड आसनांवर बुरशी येते, आणि बॉनेटखाली उंदीर शिरला तर वायरिंगचा खर्च भारी पडतो. म्हणून पाऊस उघडला की आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवून आणा, बॅटरीला देखभाल चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भारित ठेवणारा) लावा, आणि प्लॅस्टिकचे आवरण न घालता हवा खेळेल असे कापडी आवरण वापरा.