'डाउनलोड फसलं' म्हणजे नेमकं काय झालं?

कापूसकोंडी (दर्यापूर) :
वाचनालयाच्या भिंतीवर लावायला एक पान लिहायचं आहे. ओटीटीवरचा किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवायला घेतला आणि मध्येच खोळंबला तर काय करावं, एवढाच विषय. मथळ्यात 'खंडित डाउनलोड' लिहू की 'अटकलेलं डाउनलोड'? इकडे तोंडी सगळे 'डाउनलोड फसलं' म्हणतात. ते छापील पानावर चालेल का?

पेठेतली (पुणे) :
'फसलं' नका लिहू. बेत फसला, प्रयोग फसला म्हणजे तो संपला. वाचणारा ते डाउनलोड काढून टाकेल आणि पहिल्यापासून सुरू करेल.

वऱ्हाडी ठेचा (अकोट) :
ताई, तो तुमच्याकडचा अर्थ झाला. आमच्याकडे गाडी गाऱ्यात फसते. गारा म्हनजे चिखल. फसलेली गाडी कोनी फेकून देते का? चाकाखाली दगड लावा, मांगून धक्का द्या, निंगते. डाउनलोड फसलं म्हनजे 62 टक्क्यावर उभं हाये, पुढं सरकून नाई राहिलं. मेलं नाई.

भाषामास्तर (वर्धा) :
दोघांचंही बरोबर आहे, आणि घोळ इथेच आहे. पश्चिमेकडच्या मराठीत 'फसणे' म्हणजे निष्फळ होणे किंवा ठकवले जाणे. विदर्भात तो हिंदीतल्या 'फँसना'च्या जवळ राहिला, म्हणजे अडकणे. एकाच क्रियापदातून दोन उलट उपाय निघतात. एक म्हणतो काढून टाक, दुसरा म्हणतो धक्का दे. 500 एमबीपैकी 450 उतरलेले असताना चुकीचा अर्थ घेतला तर दिवसाच्या पॅकचा मोठा हिस्सा वाया.

असाच दुसरा सापळा 'राहिलं'चा. 'डाउनलोड होऊन राहिलं' म्हणजे वऱ्हाडात ते या क्षणी चालू आहे. पुण्याचा माणूस ते 'होऊन तसंच पडून राहिलं' असं वाचू शकतो. आणि 'डाउनलोड राहिलं' म्हटलं की दोन्हीकडे ते झालंच नाही. फोनवरून मदत मागताना हे तीन वेगळे ठेवले नाहीत तर समोरचा वेगळ्याच आजाराचं औषध देणार.

पेठेतली (पुणे) :
मान्य. मग 'खंडित'च बरा. वीजपुरवठा खंडित हे रोजच्या पेपरात असतं, कुणाला परकं नाही.

भाषामास्तर (वर्धा) :
'खंडित'लाही एक सावली आहे. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, विसर्जित करतात. म्हणजे विशेषण म्हणून हा शब्द 'आता निरुपयोगी' असं सुचवू शकतो. नाम मात्र निराळं वागतं. 'पावसाचा खंड' हे शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातलं. खंड पडला म्हणजे पाऊस संपला नाही, परत येणार आहे, तोवर पऱ्हाटी (कापसाचं पीक) जगवायची. म्हणून 'डाउनलोडमध्ये खंड पडला तर' असा मथळा चालेल, 'खंडित डाउनलोड' मला खटकतो.



मोबाइल मिस्त्री (वरूड) :
मास्तर, मथळा काहीही ठेवा, पण आतल्या मजकुरात एकच शब्द वापरून भागणार नाही. अडथळे किमान चार प्रकारचे आहेत आणि चारींचा उपाय वेगळा. शब्द आधी वेगळे करा : थांबलं, फसलं, तुटलं, बिघडलं.

पहिला, थांबलं. हे ॲपने स्वतःहून थांबवलेलं असतं, बिघाड नसतोच. ॲपमध्ये 'फक्त वाय-फायवर डाउनलोड' चालू असेल आणि वाय-फाय गेलं तर मोबाइल डेटा भरपूर असूनही ते थांबतं. आता इथे आपल्याकडची गंमत पाहा. लाइन (वीज) जाते, राउटर बंद होतो, फोन आपोआप मोबाइल डेटावर जातो. वरच्या पट्टीत नेट दिसतं, डाउनलोड मात्र हलत नाही, म्हणून माणूस म्हणतो फसलं. फसलं नाही, थांबलं आहे. लाइन आल्यावर राउटर परत जोडायला दोनतीन मिनिटं घेतो, मग डाउनलोड आपोआप चालू होतं. नाही झालं तर ॲप उघडून 'पुन्हा सुरू करा' दाबायचं. रोज लाइन जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावावा. बहुतेक राउटर 12 व्होल्टचे असतात, तरी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या.

थांबण्याचं दुसरं कारण फोनची बॅटरी बचत. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, स्क्रीन बंद करून फोन ठेवून दिला की मागे चालणाऱ्या ॲपांचं नेट सिस्टीम आवळते. रात्री लावून झोपलं आणि सकाळी 20 टक्क्यावरच, याचं कारण बरेचदा हेच. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, आणि तिथे 'निर्बंध नाहीत'. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. त्याच ठिकाणी मोबाइल डेटामध्ये 'डेटा सेव्हर चालू असतानाही वापरू द्या' अशा अर्थाचं बटण असतं, तेही चालू करा.

वऱ्हाडी ठेचा (अकोट) :
आन खरं फसलं कवा म्हनाचं?

मोबाइल मिस्त्री (वरूड) :
सांगतो. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

ओटीटीचा व्हिडिओ एक अखंड फाइल म्हणून येत नाही. त्याचे लहान लहान भाग केलेले असतात, साधारण 2 ते 10 सेकंदांचे. आमच्या वरूड-मोर्शीकडे सांगायचं तर संत्र्याच्या फोडी. ॲप एकेक फोड मागतं, पूर्ण आली की जमा करतं, मग पुढची. अर्धी आलेली फोड सहसा टाकून देऊन पुन्हा मागितली जाते.

आता दिवसाचा 1.5 किंवा 2 जीबीचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट; आठ बिटचा एक बाइट, तर सेकंदाला 8 केबी. एका एमबीपीएसच्या (सेकंदाला एक मेगाबिट) व्हिडिओची 6 सेकंदांची फोड 750 केबीची. ती यायला दीड मिनिट लागतं. ॲप तेवढी वाट पाहत नसेल तर फोड अर्ध्यातच सोडून तीच पुन्हा मागतं, परत तेच. टक्का एकाच जागी, आणि नेट 'चालू'. हे खरं फसणं. चाक फिरतं, गाडी जागेवर.

समजा ॲप वाट पाहणारं असलं, तरी 500 एमबीला या वेगाने 17 तासांच्या वर लागतात. म्हणून तिथे बटणं दाबत बसू नका. थांबवून ठेवा. बहुतेक रोजच्या पॅकचा कोटा रात्री 12 ला नवा होतो, मग सुरू करा, आणि संध्याकाळी सगळं गाव नेटवर असतं त्यापेक्षा पहाटे चांगलं. एका वेळी एकच व्हिडिओ लावा. चार लावले तर चौघांच्या फोडी अर्ध्या.

कोटा शिल्लक असून टक्का हलत नसेल तर विमान मोड 10-15 सेकंद चालू करून बंद करा, फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. तरी नाही तर ॲप बंद करून उघडा. पण काढून टाकू नका.

झाडीपट्टी (कुरखेडा) :
यात 'रेंज' आणि 'नेट'चाही घोळ टाका. इकडे 'टॉवर हाय' म्हणजे सिग्नलच्या काड्या दिसतात, एवढंच. काड्या पूर्ण आणि नेट शून्य हे जंगलपट्टीत नेहमीचं. पानावर 'रेंज आहे का' असं विचारलं तर लोक हो म्हणतील. 'ब्राउझरमध्ये एखादं नवं पान उघडतं का' असं विचारा. आधी उघडलेलं पान नको, ते फोनमध्येच साठवलेलं असतं.

कापूसकोंडी (दर्यापूर) :
हे घेतलं. मिस्त्रीभाऊ, 'तुटलं' राहिलं.

मोबाइल मिस्त्री (वरूड) :
तुटलं म्हणजे जोडणीच गेली. टॉवर बंद, किंवा रस्त्याच्या खोदकामात ग्रामपंचायतीकडे येणारी फायबर केबल तुटली. हा शब्द तिथे अक्षरशः खरा आहे. ओटीटी ॲपमध्ये तुटलं तरी जमलेल्या फोडी शाबूत असतात, जोडणी आली की पुढून सुरू. ब्राउझरमधून साधी फाइल उतरवताना मात्र सर्व्हरवर, म्हणजे फाइल जिथे ठेवली आहे त्या दूरच्या संगणकावर, अवलंबून. ब्राउझर सर्व्हरला सांगतो की इतके बाइट माझ्याकडे आहेत, त्यापुढचे दे. सर्व्हरने 206 या क्रमांकाचं उत्तर दिलं तर पुढून मिळतं, 200 दिलं तर पहिल्यापासून. काही साइटींचे दुवे ठरावीक वेळच चालतात. उशिरा 'पुन्हा सुरू' केलं तर 403, म्हणजे 'परवानगी नाही', असं उत्तर येतं, तेव्हा मूळ पानावर जाऊन नवा दुवा घ्यावा लागतो.

पेठेतली (पुणे) :
'पुन्हा सुरू करा' हा शब्दही फसवा आहे, बघा. (मुद्दाम माझ्याकडच्या अर्थाने म्हणते.) जिथे सोडलं तिथून पुढे, की मुळापासून? पाटीवर 'पुढे चालू करा' आणि 'पहिल्यापासून करा' असे दोन वेगळे शब्द ठेवा. 'पुढे चालू' मालिकांमुळे सगळ्यांना माहीत आहे.

भाषामास्तर (वर्धा) :
फार चांगलं. 'पुनरारंभ'पेक्षा शंभरपट. पुनरारंभातला 'आरंभ' उलट मुळाकडेच नेतो.

मोबाइल मिस्त्री (वरूड) :
चौथा, बिघडलं. ठरावीक टक्क्यावर दर वेळी तीच चूक येते, नेट चांगलं असूनही. इथे आधी जागा बघा. व्हिडिओच्या आकारापेक्षा निदान एकदोन जीबी जास्त मोकळी हवी. मेमरी कार्डावर उतरवत असाल तर ॲपमध्ये जागा बदलून फोनच्या आतल्या साठ्यावर घ्या. तिथे पूर्ण झालं तर दोष कार्डाचा. 32 जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट32 नावाच्या साठवण-पद्धतीची असतात, त्यावर एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही. मोठं लेक्चर ब्राउझरमधून उतरवलं की बरोबर तिथे मरतं आणि 'जागा नाही' सांगतं, कार्ड अर्धं रिकामं असताना. बिघडलेलं मात्र काढून टाकून पहिल्यापासून करायचं. चौघांत हा एकच असा.

फोनची बॅटरी पूर्ण उतरून तो बंद पडला असेल तर तारीख आणि वेळही बघा. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही, आणि चूक 'नेट नाही' अशी दिसते. 'आपोआप तारीख व वेळ' चालू ठेवा.

झाडीपट्टी (कुरखेडा) :
पूर्ण उतरलं, टिक आली, पण चालत नाही, त्याला काय म्हणायचं?

भाषामास्तर (वर्धा) :
'मुदतबाह्य'. बियाण्याच्या पिशवीमुळे आणि फवारणीच्या औषधामुळे हा शब्द गावागावात पोचलेला आहे, नवा शिकवायला नको. नेटफ्लिक्सवर काही गोष्टी पाहायला सुरुवात केल्यापासून 48 तासांत संपतात. यूट्यूब प्रीमियमवर 30 दिवसांतून एकदा तरी नेटला जोडावं लागतं. फाइल शाबूत असते, परवाना संपलेला असतो. बऱ्याचदा नेटवर येऊन 'नूतनीकरण' दाबलं की पुरतं.

मोबाइल मिस्त्री (वरूड) :
आणि अशी फाइल शेअर करून दुसऱ्याच्या फोनवर चालत नाही. ती कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच फोनमधल्या ॲपकडे. 'पेनड्राइव्हवर देऊन द्या' म्हणणारे रोज असतात.

एक धोक्याची सूचना पानावर ठळक टाका. ॲपच्या माहितीत दोन बटणं शेजारी असतात, 'कॅशे साफ करा' (कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरतं साठवलेलं) आणि 'डेटा साफ करा'. काही फोनवर दुसऱ्याला 'स्टोरेज साफ करा' म्हणतात. पहिलं दाबून बहुधा काही बिघडत नाही. दुसऱ्याने ॲपमधले सगळे डाउनलोड जातात आणि लॉगिनही जातं.

वऱ्हाडी ठेचा (अकोट) :
आन आमच्याकडे 'डेटा' म्हनजे रोजचा पॅक! 'डेटा संपला', 'डेटा टाक'. 'डेटा साफ करा' वाचून मानसाले वाटन का पॅक मोकळा होते. दाबनच थो.

भाषामास्तर (वर्धा) :
या पूर्ण चर्चेतला सगळ्यात महागडा शब्द हाच निघाला.

कापूसकोंडी (दर्यापूर) :
मसुदा असा :

डाउनलोडमध्ये खंड पडला तर
थांबलं : वाय-फाय आणि बॅटरीची सेटिंग बघा. पुढे चालू करा.
फसलं (अडकलं) : आजचा कोटा बघा. विमान मोड 15 सेकंद. डिलीट करू नका.
तुटलं : नेट आल्यावर पुढे चालू करा.
बिघडलं : जागा, कार्ड, तारीख बघा. मग डिलीट करून पहिल्यापासून.
मुदतबाह्य : नेटला जोडून नूतनीकरण.
'डेटा साफ करा' दाबू नका. पॅक वाढत नाही, सगळे व्हिडिओ जातात.

पेठेतली (पुणे) :
कंसात 'अडकलं' दिलंत, आता माझी हरकत नाही.

वऱ्हाडी ठेचा (अकोट) :
'अडकलं' कायले? 'अटकलं' लिहा नं.