मदत हवी आहे: चिकन स्मोक करायला द्राक्षाचं लाकूड चालेल का?

मंडळी, गच्चीवर झाकणाची गोल ग्रिल आहे, कोळसा एका बाजूला आणि कोंबडीच्या तंगड्या दुसऱ्या बाजूला ठेवून 120 डिग्रीच्या आसपास सावकाश शिजवतो, आतून 74 च्या वर गेल्याशिवाय काढत नाही, त्यामुळे कच्चं राहतं वगैरे भानगड नाही. भानगड धुराची आहे. वखारीत आंब्याचं लाकूड मिळतं पण ओलसर, त्याचा पांढरा दाट धूर येतो आणि कातडीवर कडवट थर बसतो, जीभ चरचरते अक्षरशः. उन्हात वाळवून, छोटे तुकडे करून, झडपा पूर्ण उघडून पाहिलं, थोडा फरक पडला, तेवढंच.

आता दिंडोरीला मामेभावाने जुनी द्राक्षबाग काढलीय, खोडं बांधावर पडून खडखडीत वाळलीत, खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) काड्या तर हव्या तितक्या. फ्रान्समध्ये वेलीच्या काड्यांवर मटण-बिटण भाजतात हे माहितीये, पण आपल्याकडे बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), गंधक आणि वर काय काय फवारतात, खोडाच्या सालीवर निळसर डाग अजून दिसतायत. काड्यांचा नाद मी सोडलाच, त्या सोलत कोण बसणार.

विकतचे चिप्स परवडत नाहीत, आणि गॅस ग्रिल घ्या असं प्लीज नको. बागायतदार किंवा कृषीवाले कोणी असतील तर सांगा, खोडाची साल तासून आतलं लाकूड धुरासाठी वापरलं तर चालेल, की औषधं आतपर्यंत मुरलेली असतात?