मुलीच्या रिकर्व्ह धनुष्याला किती पाउंडाचे लिंब (वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्या) घ्यावेत?

खामलेकर:
नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची. सध्या क्लबच्या १८ पाउंडी (दोरी ओढायला लागणारा जोर) धनुष्यावर आहे, २० मीटरवर बाण बऱ्यापैकी एकत्र बसतात. आता स्वतःचं घ्यायचं आहे. २५ इंची रायझर (मधला मुठीचा भाग) ठरला, लिंबवर गाडी अडली. क्लबातला एक सीनियर म्हणून राहिला, "काका, सरळ ३२ चे घ्या, पुढे ६० मीटरला लागतीलच, दोनदा पैसे कशाला घालता?" पोरगी तिरंदाज ओजस देवतळेचे व्हिडिओ पाहते आणि विचारते, तो एवढं ओढतो, मग मी काहून नाही? तिची ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढते ते माप) २६ इंच निघाली.

टॅबवाली मावशी:
भाऊ, ओजस आपल्या नागपूरचा, कौतुक आहेच. २०२३ ला बर्लिनच्या जागतिक फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले पोरानं. पण त्याचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं. पूर्ण ओढल्यावर त्यातला बहुतेक भार उतरतो, हाताला थोडाच उरतो. रिकर्व्हमध्ये जेवढं मागे न्याल तेवढा भार चढतो, आणि तो सगळ्यात जास्त असतानाच स्थिर राहून नेम धरायचा असतो.

आता हिशेब. लिंबवरचा आकडा २८ इंचांसाठी असतो. इंचामागे साधारण २ पाउंड धरा. म्हणजे २६ इंचांवर तुमची लेक १८ नाही, १४ च्या आसपास ओढते. ३२ चे घेतले तर बोटांवर २८ येतील. एकदम दुप्पट! मग खांदा कानाशी चढतो, क्लिकर (बाण पूर्ण ओढला की टिक् वाजणारी पट्टी) वाजायच्या आत बाण सुटतो, आणि ती सवय मोडता मोडत नाही.

माझं मत: २२ चे घ्या, शॉर्ट लिंब, म्हणजे धनुष्य ६६ इंची होईल. बोटांवर १८ येतील. रायझर आयएलएफ (लिंब बदलता येणाऱ्या ठरावीक जोडणीचा) असू द्या. आधी टिलर बोल्ट (लिंब रायझरला धरणारे) थोडे सैल ठेवा, अंगवळणी पडलं की आवळा, एक-दोन पाउंड त्यातच मिळतात. शिवाय पोरगी वाढून राहिली आहे. ड्रॉ इंचभर वाढली की तेच लिंब आपोआप २ पाउंडांनी जड होतील.

घ्यायच्या आधी कुणाचे तरी २२ चे मागून लावा. अँकरला (पूर्ण ओढून हात हनुवटीशी टेकतो तिथे) ३० सेकंद धरायला सांगा, विश्रांती, पुन्हा तसंच, असं चार-पाच वेळा. धनुष्याचा हात थरथरला तर २० वर या. आणि बाणाशिवाय दोरी सोडू देऊ नका, लिंब तडकतात. धरून झालं की हळूहळू परत आणायची.

गोधनी रोड:
मावशी, पटलं, पण १८ वर ६० मीटर मारताना साईट (नेम धरायची खूण) इतकी खाली जाते की बाण तिलाच घासेल.

टॅबवाली मावशी:
जाईल ना! पण तिला उद्याच ६० मारायचं आहे का? क्वालिफिकेशनला ७२ बाण असतात, वर सरावाचे वेगळे. शेवटच्या बारा बाणांत फॉर्म टिकला पाहिजे. टिकायला लागला की २४, मग २६. लिंबच बदलायचे, रायझर तोच. क्लबात मोठ्या पोरांचे जुने लिंब पडून असतात, ते विचारा. ३२ चे आज घेऊन दिवाणाखाली ठेवण्यापेक्षा हे स्वस्त.

खामलेकर:
आज प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा दोरीला लावून पाहिला. तिच्या ड्रॉपर्यंत ओढल्यावर साडेसहा किलो, म्हणजे १४ पाउंडच! २२ ठरले. बाण आताच घेऊ का? दुकानदार २७ इंचांवर कापून देतो म्हणाला.

टॅबवाली मावशी:
बाण लिंब आल्यावर घ्या, स्पाईन (बाणाचा ताठपणा) बोटांवरच्या खऱ्या वजनावर ठरतो. आणि २७ वर कापू नका हो, वाढत्या पोरीला लगेच आखूड पडतील. २८ ठेवा, जमलं तर साडेअठ्ठावीस. स्पाईन मात्र त्या लांबीचाच मागा.